कुरणाची आण

चतुराबाईनं आण घेतली तेव्हा दुपारचे बारा वाजले होते आणि तिच्या पोटात सकाळपासून चहाशिवाय काही गेलं नव्हतं. जेवून घेतलं असतं तर दोन शब्द कमी बोलली असती, असं तिची सून आशाबाई पुढं बऱ्याचदा म्हणाली. अर्थात सासूच्या माघारी.

दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते. त्या साली पावसानं आषाढात तोंड दाखवलं आणि मग असं फिरवलं की पुन्हा वळून बघितलं नाही. आदल्या सालीही तेच. मका गुडघ्यातच करपली, कपाशीला झाडामागं चार बोंडं. पण अजिंठ्याच्या डोंगराखाली चतुराबाईचं बारा एकर कुरण होतं, ते मात्र आषाढाच्या पाण्यावर कमरेएवढं वाढलं. सगळ्या शिवारात एवढं गवत दुसऱ्या कुणाकडं नव्हतं. तिच्या दावणीला नऊ जितराबं होती. बैलजोडी, चार गायी, दोन कालवडी आणि एक म्हातारी म्हैस. उभं गवत रोज लागेल तेवढं कापून आणायचं आणि नऊच्या नऊ जनावरं मिरगापर्यंत तगवायची, असं तिनं मनाशी धरलं होतं. दावणीचं एकही जनावर तिनं आजवर दुष्काळात हलवलेलं नव्हतं, आणि ते ती चारचौघांत सांगायचीही.

त्या दिवशी सकाळी ती कुरणात गेली तर मधोमध चार मेंढरं उभी. सूर्यभानची.

सूर्यभान हा मेंढपाळ. त्याच्या घराण्याचा आणि ह्या कुरणाचा संबंध जुना. पोलीस ॲक्शनच्या पुढच्या साली चतुराबाईच्या सासऱ्यांनी पद्धत घालून दिली होती. संक्रांत झाली की कुरणाच्या कडेनं एक कासराभर रुंद पट्टी त्या घराण्याच्या मेंढरांनी चरायची आणि बदल्यात दोन रात्री मेंढरं शेतात बसवून खत द्यायचं. सासरे गेले, नवरा गेला, पद्धत चालू राहिली. चतुराबाईला ती आपल्या घराची मेहेरबानी वाटायची. मेहेरबानी करणाऱ्याला वाटतं तसंच.

ती तडक मारुतीच्या पारावर आली. तिथं चार माणसं बसली होती, सूर्यभान होता आणि त्याची बायको आक्काबाईही.

"काय रे सूर्यभान, संक्रांत तुझ्या घरी लवकर आली का?"

"चुकार गेली, पाटलीणबाई. आत्ता काढतो."

"चुकार मेंढरं नाय, मालक हाय. कडेला चारायला दिलं तर मधी घुसला!"

"पट्टी आमची वहिवाट हाय, बाई. मधी गेली त्याची चूक कबूल."

"वहिवाट? भीक व्हती ती! माझ्या सासऱ्यानं घातली, मी बंद करते." आणि तिनं मारुतीपुढचा बेल-भंडारा उचलला. "मिरगाचा पाऊस पडेस्तोवर माझ्या कुरणात मेंढराचा एक खूर जरी पडला, तरी माझ्या घरावर नांगर फिरो!"

पारावरच्या माणसांनी बिड्या विझवल्या. सूर्यभान घोंगडी खांद्यावर टाकून निघून गेला. आक्काबाई तेवढी थांबली. "बाई," ती म्हणाली, "आण तुमची, पर तिच्या मागचा 'भीक' हा शब्दबी तुमचाच."

त्या गावात बेल-भंडाऱ्याची आण घेणाऱ्याला स्वतः मोडता येत नाही. ज्याच्यावर घेतली त्यानं त्याच जागी उभं राहून 'सुटली' म्हणायचं, तेव्हा ती सुटते. पोरं खेळताना हे शंभरदा करतात. मोठी माणसं सहसा त्या वाटेला जात नाहीत.

गावातल्या बाकीच्या जमीनवाल्यांनीही मग आपापल्या कडा बंद केल्या. पाटलीणबाईनं बंद केलं तर आपणच का उघडं ठेवावं? एक सांडू पाटील तेवढा राहिला. तो आळशी माणूस; त्यानं कधी कुणाला हो म्हणलं नाही आणि नाही म्हणायलाही तो खाटेवरून उठला नाही.

फाल्गुनात गायरानाला आग लागली. बिडी पडली म्हणा, काही म्हणा. डोंगराचा उगवतीकडचा अख्खा उतार एका दुपारी काळा झाला, आग सांडूच्या कुरणापर्यंत आली आणि तिथं थांबली. दुसऱ्या दिवशी चतुराबाई बघायला गेली. काळ्या राखेची कड होती, मग एक कासराभर रुंद उघडी जमीन, न्हाव्यानं वस्तरा फिरवावा अशी भुईसपाट चरलेली, आणि तिच्या आत सांडूचं गवत पिवळंधमक उभं. सूर्यभानच्या मेंढरांच्या लेंड्या अजून त्या पट्टीत पडलेल्या.

सासऱ्यांनी पट्टी का दिली ते चतुराबाईला नांदायला आल्यापासून पन्नास वर्षांनी कळलं. सासऱ्यांनी सांगितलं नव्हतं, कारण ते सुनेशी बोलायचेच नाहीत. आणि तिनं कुणाला विचारलं नव्हतं, कारण विचारायचं म्हणजे आपल्याला माहीत नाही हे कबूल करायचं.

"वयनी," सांडू पाटील मागून म्हणाला, "माझं वाचलं बघा."

"वाचलं ना? मग झोपा आता पुन्हा."

घरी येऊन तिनं विचार केला. तिच्या कुरणाच्या तीन बाजूंची काळजी नव्हती. उगवतीला सांडूची चरलेली पट्टी आणि पलीकडं जळून गेलेलं गायरान, बाकी दोन बाजूंना नांगरलेली काळी रानं. भीती मावळतीची. तिकडं कोरडा नाला, दहा पावलं रुंद, आणि नाल्यापलीकडं डोंगराचा न जळालेला सगळा उतार, वाळून कडकडीत. चैत्रातलं वारं तिकडूनच येतं. वारं नसलं तर आग नाला ओलांडत नाही. वारं असलं तर नाला म्हणजे तिला उंबरठा.

दुसऱ्या दिवसापासून सासू-सुना विळे घेऊन नाल्याच्या कडेला बसल्या. जमीन सगळी दगडगोट्यांची. विळा दगडावर आपटायचा, ठिणगी उडायची आणि आशाबाई किंचाळायची. कापून मागं चार बोटं खुंट राहायचे, ते तर वातीसारखे पेटणारे. मेंढराच्या दातासारखं मुळापासून विळ्याला काही काढता येईना. कुदळीनं खरवडायला माणसं हवीत, आणि माणसं होती कुठं? कुणी सिल्लोडला जिनिंगवर, कुणी ऊस तोडायला. तिचा थोरला मुलगा कारभारी, आशाबाईचा नवरा, पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर. दुष्काळात तो सगळ्या तालुक्याचा होता, घरचा नव्हता.

"गायी सोडून बघू," आशाबाई म्हणाली. सोडल्या. गायींनी वरचे शेंडे ओढले, उरलेलं तुडवलं आणि सावलीला जाऊन बसल्या.

चुलतदीर तात्यासाहेब संध्याकाळी ओसरीवर आले. गावातल्या प्रत्येक भानगडीत मध्ये पडायची त्यांना हौस.

"वयनी, शेळ्या घाला. आणीत शेळ्यांचं नाव नाय."

"भावजी, शेळी वाळकं गवत तोंडात धरत नाय. बाभळीला लोंबकळंल. आन मारुतीला एवढी पळवाट दिसत नसंल असं वाटतं का तुम्हाला?"

"मग मी जातो सूर्यभानकडं. 'सुटली' म्हणायला काय जातं त्याचं?"

ते गेले आणि तासाभरात परत आले.

"काय म्हणला?"

"म्हणला, आण घेताना तात्यासाहेब मधी नव्हते. बाई सवता आल्या व्हत्या, सवताच्या पायानं."

"लई शाना झालाय."

"झालाय खरा," तात्यासाहेब म्हणाले. "चहा टाका."

चैत्र लागला. रोज दुपारी तीनच्या सुमाराला मावळतीकडून ढग चढायचे, वावटळी उठायच्या, दारं आपटायची, पत्रे वाजायचे. वीज कडाडायची ती कोरडी, पाण्याचा एक थेंब नाही. चतुराबाई हातातलं काम टाकून ओट्यावर येऊन उभी राहायची आणि नाल्याकडं बघत बसायची. पाच वाजले की वारं पडायचं, ती आत जायची आणि भाकरी खायची. आशाबाई म्हणायची, "आत्याबाई, बघून काय आग थांबते?" आणि ती म्हणायची, "मग तुझ्या बोलण्यानं थांबते का?" रोज एक दुपार टळायची आणि दुसरी समोर येऊन उभी राहायची.

धाकटा मुलगा बद्रीनाथ शहरात पुंडलिकनगरला राहायचा, नोकरीला होता. त्याचा फोन आला.

"माय, जनावरं वाटून टाक नायतर ईक, आन इकडं ये. कशाला जीव टांगून ठिवती?"

"तुझ्याकडं येऊन काय करू? तिसऱ्या मजल्यावर लुगडं वाळत घालू? मागल्या बारीला आले तर चार दिवस भिंत बघत बसले. भिंतच बघायची तर माझी बघते, तिला निदान मी सारवते."

पण फोन ठेवल्यावर ती तिथंच बसून राहिली. इकडं नाला, तिकडं भिंत. आणि मध्ये तिचा स्वतःचाच शब्द, तिनंच भरल्या पारावर उचललेला.

त्याच दुपारी नाल्यापलीकडं वीज पडली. एक झाड पेटलं, धूर झाला. वारं नेमकं फिरलं म्हणून आग खाली उतरली नाही. चतुराबाईनं दुसऱ्या दिवशी सकाळी पायात वहाणा घातल्या.

"कुठं निघालात?" आशाबाईनं विचारलं.

"नाक कापून घ्यायला. भाकरी झाकून ठेव."

सूर्यभानचा मुक्काम नदीपलीकडच्या पडीक रानात होता. जाळीचं कुंपण बरंच मोठं होतं आणि आत मेंढरं थोडी. बाकीची चरायला गेली असतील असं तिला वाटलं. आक्काबाई लोकर निवडत होती. तिनं घोंगडीची घडी टाकली. "बसा."

चतुराबाई आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसांच्या घोंगडीवर बसली. आक्काबाईनं तांब्या पुढं केला.

"पाणी नको. आधी बोलू दे. घोट घेतला तर शब्दबी खाली जाईल." तिनं सूर्यभानकडं बघितलं, मग कुंपणाकडं. "ती पट्टी. मी तिला भीक म्हणले. ती भीक नव्हती. माझ्या सासऱ्याला कळत व्हतं, मला कळलं नाय."

आक्काबाई बोलली.

"भीक म्हणला ते पारावर. आन हे घोंगडीवर व्हय? हितं कोण ऐकतंय, मेंढरं?"

"चल," चतुराबाई उठली. "पारावर म्हणते. दोन माणसं जास्त असतील तरी म्हणते."

दोन नव्हती, नऊ होती. तात्यासाहेब सगळ्यात पुढं. चतुराबाई मारुतीपुढं उभी राहिली. तिला वाटलं होतं आवाज फुटणार नाही, पण तो नेहमीसारखाच खणखणीत फुटला, आणि त्याचा तिला जास्तच राग आला.

"सूर्यभानची मेंढरं माझं कुरण राखत व्हती. मी त्याला भीक म्हणले. चुकले. ऐकलं का सगळ्यांनी? का पुन्हा सांगू?"

"ऐकलं, वयनी," सांडू पाटील म्हणाला.

सूर्यभाननं पायरीला हात लावला. "सुटली," तो म्हणाला. एवढंच. ना त्यानं मान वर केली, ना आढेवेढे घेतले.

चतुराबाई पारावर टेकली. "उद्या तांबडं फुटताना घाल मेंढरं, नाल्याच्या अंगाला. सगळी घाल."

"सगळी म्हणजे एकोणीस हायत, पाटलीणबाई."

"एकोणीस? दोनशे व्हती की!"

"सिल्लोडच्या बाजारात गेली, माघात. तुमची कड बंद झाली, मग सगळ्यांच्या झाल्या. एकट्या सांडू पाटलाच्या कडंवर दोनशे मेंढरं किती दिस जगवू?"

पारावरच्यांनी आपापल्या वहाणांकडं बघितलं. तात्यासाहेबांनीसुद्धा.

"एकोणिसांनी किती दिस लागतील?"

"नाल्याची कड लांब हाय. तीन आठवडे. जास्तच."

तीन आठवडे म्हणजे एकवीस दुपारी. चतुराबाईनं मावळतीकडं बघितलं. सकाळचं आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं.

"मग?"

सूर्यभान जरा घुटमळला. "जाळावं लागंल, बाई. आपणच. कुरणाच्या मधून गाडीवाट जाते ना, तिच्यापासून नाल्यापर्यंत. पहाटं वारं डोंगरावरून खाली येतं. गाडीवाटंवर पेटवलं तर आग वाऱ्याच्या उलटी, सावकाश सरकत नाल्यापर्यंत जाईल आन वाळूत मरंल. मग खालचं वाचलं."

"अरे, ते अर्धं कुरण झालं! कडेकडेनं नुस्ता पट्टा जाळू."

"पट्ट्याच्या आतल्या अंगाला थांबवायला माणसं कुठायत? आग थांबती नाल्याला, नायतर गाडीवाटंला. मधी तिला थांबवणारं कोन?"

तिनं ते दहा वेळा उलटसुलट करून बघितलं. कुठूनही गेलं तरी त्याच वाटेवर येत होतं. अर्धं तिनं जाळायचं, नाहीतर सगळं वाऱ्यानं.

दोन दिवस सूर्यभानच्या एकोणीस मेंढरांनी गाडीवाटेच्या चाकोऱ्यांमधलं आणि बाजूचं गवत भुईसपाट केलं. त्या दोन दिवसांत आशाबाई आणि चतुराबाई जळणाऱ्या भागातलं जमेल तेवढं कापत राहिल्या. आशाबाईनं भाऱ्यावर भारे वाहिले, तिच्या मानेला गाठी आल्या. तरी सहा एकरांतली एक ओंजळ निघाली असेल. दोन्ही दुपारी वारं सुटलं. दोन्ही दुपारी चतुराबाई विळा हातात घेऊन नाल्याकडं तोंड करून उभी होती.

तिसऱ्या दिवशी तांबडं फुटताना सहा माणसं गाडीवाटेवर जमली. सूर्यभान, आक्काबाई, तात्यासाहेब, आशाबाई, चतुराबाई, आणि नवल म्हणजे सांडू पाटीलही उठून आला होता. पोती भिजवायला पाणी नव्हतं. टँकरचा ड्रम जनावरांचा होता. म्हणून सगळ्यांच्या हातात निंबाच्या ओल्या फांद्या. सूर्यभाननं माती उधळून वारं बघितलं आणि काडेपेटी पुढं केली.

"मालकानं लावायची, बाई. मी लावली तर उद्या लोक म्हणतील मेंढपाळानं जाळलं."

तिनं काडी ओढली. गवत पेटलं तसा चरचर आवाज झाला, आणि आतून तितर उडाले, ससे धावले, सरडे नुसतेच सैरावैरा पळाले. आग गुडघ्याएवढी, संथ, वाऱ्याला तोंड देऊन नाल्याकडं सरकत निघाली. गाडीवाटेवर सहाजण फांद्या मारत राहिले. जिथं ठिणगी खालच्या गवताकडं उडाली तिथं आशाबाई सगळ्यांच्या आधी पोचली. तिच्या पदराला भोक पडलं आणि आक्काबाईनं तिला हातानं थापटून विझवलं. ऊन अंगावर येईपर्यंत आग नाल्यात उतरली आणि वाळूत धुमसून गेली.

सहा एकर काळं. सहा एकर पिवळं. मधून गाडीवाट.

त्याच दुपारी पाऊस आला.

आधी वारं, रोजच्यासारखं. वीजही रोजच्यासारखी. आणि मग टपोरे थेंब, मग गारा, हरभऱ्याएवढ्या, बोराएवढ्या. अर्धा तास कोसळला. नाल्यापलीकडचा सगळा उतार भिजला. सहा एकरांची राख काळं पाणी होऊन नाल्यात उतरली. चतुराबाई ओट्यावर उभी राहून ते बघत होती, तोंडावर पाणी उडत होतं आणि ती आत येत नव्हती.

संध्याकाळी गाव तेच बोलत होतं. दुपारपर्यंत थांबली असती तर! तात्यासाहेब ओसरीवर येऊन म्हणाले, "वयनी, जरा घाईच झाली."

"भावजी, सकाळी फांदी मारताना तुम्हाला पाऊस येणार हे ठावं व्हतं का?"

"नाय बा."

"मग आता कामून ठावं झालं?"

तात्यासाहेब गेले, पण तिला त्यांचं म्हणणं रात्रभर चावत राहिलं. आग आली असती का, नसती आली, हे आता कुणीच सांगू शकणार नव्हतं. मारुतीसुद्धा. पाच दिवसांत पुन्हा सगळं वाळून कडकडीत झालं आणि दुपारचे ढग पुन्हा चढू लागले. सूर्यभान रोज नाल्याकडं बघून मान हलवायचा आणि म्हणायचा, "बरं केलं, बाई." ते ऐकूनही तिला बरं वाटायचं नाही.

सहा एकरांत नऊ जनावरं मिरग बघणार नव्हती. चार बघतील. बैलजोडी पेरणीला हवी, दोन गायी दुधाला हव्यात. दोन भाकड गायी, दोन कालवडी आणि म्हातारी म्हैस चारा छावणीत जाणार, सिल्लोडच्या वाटेवरच्या माळावर. आणि छावणीत जनावरामागं घरचं माणूस राहावं लागतं. कारभारी टँकरवर. आशाबाईनं खालचं गवत कापून चार जनावरं जगवायची. उरलं कोण?

"मी जाते," आशाबाई म्हणाली.

"तू गेली तर विळा कोण मारंल? माझ्या गुडघ्याला सांगशील का?"

टेम्पोत म्हैस चढेना. तिला चौघांनी ढकललं. चतुराबाई ड्रायव्हरशेजारी बसली, मांडीवर पितळी तांब्या आणि पटकुराचं गाठोडं. पारावरून जाताना तिनं मान सरळ ठेवली. कुणी काही विचारलं नाही, तरी तिनं खिडकीतून सांगितलं, "हवा बदलायला चाललेय."

छावणीत शेडनेटच्या सावलीखाली जनावरांच्या रांगाच रांगा. प्रत्येकाच्या कानात पिवळा बिल्ला. तिच्या पाच जनावरांनाही टोचले. चारा घेताना दावं हातात धरून रांगेत उभं राहायचं, बिल्ला दाखवायचा, ऊस आणि कडबा घ्यायचा आणि पुढं सरकायचं. तिच्यापुढं एक बाई होती, आणि त्या बाईपुढं शेजारच्या गावचा एक पाटील, डोक्याला फेटा बांधलेला. त्याला बघून चतुराबाईनं पदर तोंडापुढं घेतला. मग त्यानंही तिला बघून फेट्याचा शेमला ओढून घेतला, तसा तिनं पदर सोडून दिला.

तीन वाजले तसं वारं सुटलं. शेडनेट फडफडायला लागली, धुरळा उठला. माळावरून अजिंठ्याच्या बाजूची डोंगराची रेघ दिसत होती. तिच्याखाली कुठंतरी कुरण होतं, ते दिसत नव्हतं. रेघेच्या वर करड्या रंगाचं काहीतरी चढत होतं.

"ए बाई," चतुराबाईनं पुढच्या बाईला विचारलं, "तुझी नजर चांगली हाय. तो ढग हाय का धूर?"

बाईनं डोळ्यावर हात धरून बघितलं. "कळत नाय. तिकडं कोण हाय तुमचं?"

"चार जनावरं आन एक सून."

"मग फोन करा की."

फोन गाठोड्यात होता. एका हातात म्हशीचं दावं, दुसऱ्यात कालवडीचं, आणि रांग सोडली तर पुन्हा शेवटी जावं लागणार होतं. म्हैस ओढत होती. करडं ते आता रुंद झालं होतं.

"पुढं सरका, मावशी," चारा वाटणारा ओरडला.

चतुराबाई पुढं सरकली.